सेवेचा भार एकट्या सुनेवर का?

वस्तीत घरोघरी फिरताना एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. सकाळी घरातली बाई डबा घेऊन निघते. सोसायटीतल्या एखाद्या आजींकडे ती 'मावशी' म्हणून कामाला असते, बारा तासांची ड्युटी. तिथे ती आजींना अंघोळ घालते, डायपर बदलते, दर दोन तासांनी कूस बदलून देते. तिची स्वतःची सासू मात्र लकव्याने दहा बाय बाराच्या खोलीत एकटी पडून असते. उशाशी पाण्याची बाटली, दार ओढून घेतलेले. पाठीला जखम होऊन वास यायला लागला की मग आम्हाला निरोप येतो.

दुसऱ्याच्या घरी या कामाला पगार आहे. आपल्या घरी त्यालाच कर्तव्य म्हणतात आणि ते सुनेच्या नाहीतर बिनलग्नाच्या मुलीच्या गळ्यात घालतात. काम सुटते ते तिचेच. बाकीची भावंडे रविवारी केळी घेऊन येतात आणि "आईची नीट काळजी घेत नाही" असे बोलून जातात.

विनयपिटकातली गोष्ट आपण विहारात ऐकतो. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले. ते काम त्यांनी कुणा बाईला बोलावून सांगितले नाही. आपल्या घरातले किती पुरुष आईचे डायपर बदलतात?

कायदाही हेच सांगतो. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळाची जबाबदारी सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर आहे. सुनेचे नाव त्यात नाही. मुले सांभाळत नसतील तर प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. खोली आईच्या नावावर असेल तर घाईने सही घेऊ नका. बक्षीसपत्रात 'सांभाळ करीन' ही अट स्पष्ट लिहून घ्या. अट मोडली तर कलम २३ खाली ते रद्द करून मागता येते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, आईबाप अंथरुणाला खिळण्याआधीच सगळ्या भावंडांनी एकत्र बसावे आणि वहीत हिशेब मांडावा. औषधे, डायपर, हवेची गादी, रात्रीची जागरणे, सगळे लिहा. जिने काम सोडले तिचा बुडालेला पगारही त्यात धरा. मग कोण पैसे देणार आणि कोण हात लावणार ते ठरवा. येणारी बाजूही लिहा. श्रावणबाळ योजनेत बसणाऱ्या ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, उत्पन्नाची अट नाही. पण हे कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावरच कामाला येते. घरातल्या मावशीचा पगार किंवा वृद्धाश्रमाची फी त्यातून मिळत नाही.

एवढे करूनही घरी जमत नसेल तर वृद्धाश्रमाचा विचार करण्यात कमीपणा नाही. घरात ठेवून जखमा होऊ देण्यात मोठेपणाही नाही. पण निवडताना डोळे उघडे ठेवा. अनेक ठिकाणी चालते-फिरते वृद्धच घेतात. अंथरुणावरचे घेतात का, हे आधी विचारा. न सांगता दुपारी जा, एकदा रात्रीही जा. वास येतो का? पाणी हाताला लागेल असे ठेवले आहे का? रात्री किती माणसांमागे एक मावशी आहे? तिथल्या वृद्धांच्या टाचांवर, माकडहाडावर जखमा आहेत का, हे नातेवाइकांना विचारा. अनामत परत मिळते का, दवाखान्यात न्यावे लागले तर खर्च कुणाचा, हे लेखी घ्या.

आणखी एक प्रश्न आपल्याला विचारावाच लागतो. आडनाव ऐकून तिथल्या लोकांचा चेहरा बदलतो का? बाबासाहेबांचा फोटो उशाशी ठेवू देतात का, की आरतीला बसावेच लागते? आयुष्यभर स्वाभिमानाने जगलेल्या आईला म्हातारपणी मान खाली घालायला लावणारी जागा स्वस्त असली तरी नको.

शेवटी विहार समित्यांना विनंती. सकाळच्या वंदनेनंतर संध्याकाळपर्यंत विहाराला कुलूप असते. त्या वेळेत तिथे चार खाटा, दोन खुर्च्या आणि आळीपाळीने दोन माणसे एवढी व्यवस्था झाली, तर कामावर जाणाऱ्या घरांतले आजी-आजोबा दिवसभर एकटे पडणार नाहीत. वस्तीतल्याच ज्या बाया हे काम जाणतात, त्यांना त्याचा मोबदला वर्गणीतून द्यावा. जयंतीला आपण वर्गणी काढतोच. त्यातला एक हिस्सा जिवंत आईबापांसाठी ठेवला तर बाबासाहेबांना ते नक्की पटले असते.

सांभाळ होत नसेल, छळ होत असेल तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मोफत क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. आईला दिसेल अशा जागी.

जय भीम!