वैद्यकसेवेत शिरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी

प्रतिवर्षी निकालाचे दिवस आले म्हणजे आमच्या वलगावच्या घरी माजी विद्यार्थ्यांचे व त्यांच्या वडीलधाऱ्यांचे येणेजाणे वाढते. ज्यांस रोग्यांच्या सेवेची आवड आहे, किंवा तशी आवड आहे असे ज्यांच्या घरच्यांस वाटते, त्यांच्या मुखी बहुधा एकच शब्द असतो : डॉक्टर. त्याजोगे गुण पडले तर पेढे येतात. न पडले तर घरात काही अशुभ घडल्याप्रमाणे मंडळी खाली मान घालून बसतात. वास्तविक पाहता २०२४ साली नीट परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते, आणि एम. बी. बी. एस.च्या जागा साऱ्या देशात सव्वा लाखाच्या आतच होत्या. मग उरलेल्या लक्षावधी मुलांनी स्वतःस नापास समजावे काय? या प्रश्नाचा विचार आम्ही शिक्षकांनी आजवर मनापासून केलेला नाही, ही आमची कबुली आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. तो अमरावतीस बी. एस्‌सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. नीट परीक्षा तो दोनदा देऊन चुकला. वडील शेतकरी, तूर-कपाशीचे पाच एकर. घरात तीन मते चालली होती : तिसऱ्यांदा परीक्षा द्यावी; किंवा दोन एकर विकून खासगी महाविद्यालयात आयुर्वेदाची जागा घ्यावी; किंवा हा नादच सोडून नोकरी पाहावी. मुलगा स्वतः काही बोलेना. निघता निघता मात्र त्याने आम्हांस हळूच सांगितले की आपणास नर्सिंग शिकावयाचे आहे.

आम्ही प्रथम चपापलो. मग कळले की त्याचे आजोबा अर्धांगवायूने आठ महिने अंथरुणास खिळून होते. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत व औषध लिहून देत. परंतु दर दोन तासांनी म्हाताऱ्यास कुशीवर वळविणे, पाठ पुसून कोरडी ठेवणे, उशीस टेकवून बसवून घोट घोट पेज पाजणे, हे सारे या मुलाने केले. आठ महिन्यांत पाठीस एकही जखम झाली नाही. हे सांगताना त्याच्या आवाजात जो अभिमान होता, तो गुणांविषयी बोलताना आम्हांस कधी ऐकू आला नव्हता.

त्या दिवसापासून आमचे मत असे झाले आहे की कोणती पदवी घ्यावी हे विचारण्यापूर्वी, रोग्याची व आपली गाठ कोठे पडावी, हे विद्यार्थ्याने स्वतःस विचारावे. डॉक्टरची गाठ निदानाच्या व निर्णयाच्या वेळी पडते. निर्णय चुकला तर त्याचे ओझे त्याच्याच शिरावर. ते ज्यास पेलवेल त्याने ती वाट जरूर धरावी. परिचारिकेची गाठ रात्री तीन वाजता पडते. रोगी वाचला, पण हात उचलत नाही, पाऊल टाकवत नाही, तेथे फिजिओथेरपिस्टाचे काम सुरू होते. प्रयोगशाळेत रक्त तपासणारा तर रोग्यास बहुधा पाहतही नाही. परंतु ज्या मुलास गर्दीचा कंटाळा आहे व हातात चोखपणा आहे, त्यास ते काम फार मानवते.

परिचर्येविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आमच्या लोकांच्या मनातील अढी तेथेच आहे. मिरजेस डॉ. वानलेस यांचे रुग्णालय १८९४ साली उघडले, आणि पुढे तेथे परिचारिकांस शिक्षण देण्याचीही सोय झाली. शस्त्रक्रिया कितीही कुशल असो, तीनंतरची रात्र कोणी तरी जागून काढावीच लागते. त्या काळी परक्याचे मलमूत्र काढणे पुष्कळांस विटाळ वाटे. म्हणून या कामी ख्रिस्ती मुली मोठ्या संख्येने पुढे आल्या. आमच्याही दोन आत्या परिचारिका होत्या, व त्यांच्या पगारावर आमचे कॉलेजचे शिक्षण झाले. असे असूनही डॉक्टर झालेल्या विद्यार्थ्यांची नावे आम्ही वर्गाच्या फळ्यावर हौसेने लिहीत आलो, परिचारिका झालेल्यांची एकदाही लिहिली नाहीत. आत्या हयात असत्या तर त्यांनी आमचा कान धरला असता. पुरुषाने हे काम कसे करावे, असेही कित्येक विचारतात. त्यांनी एकदा मोठ्या रुग्णालयात जाऊन यावे. सिस्टरांबरोबर ‘ब्रदर’ म्हणून हाक मारले जाणारे तरुणही तेथे दिसतील. बी. एस्‌सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून आपल्या राज्यात त्यास निराळी प्रवेशपरीक्षा असते.

डॉक्टरच व्हावयाचे असेल तर आमच्याच जिल्ह्यातील उदाहरण पाहावे. डॉ. रवींद्र कोल्हे नागपुरास एम. बी. बी. एस. होऊन १९८५ च्या सुमारास मेळघाटातील बैरागड येथे गेले. अशा ठिकाणी काय काय आले पाहिजे, हे त्यांनी आधी जाणत्यांस विचारले. सोनोग्राफी व रक्त यांची सोय नसता बाळंतपण करता यावे, एक्स-रेवाचून न्यूमोनिया ओळखता यावा, अतिसारावर उपचार करता यावा, असे उत्तर मिळाले. ते शिकून मग ते गेले. पुढे आपले ज्ञान अपुरे पडते असे दिसताच परत महाविद्यालयात जाऊन एम. डी. झाले, आणि विषय घेतला तोही रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचा. त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता नागपुरातील आपला होमिओपॅथीचा व्यवसाय सोडून तेथे आल्या. उभयतांस २०१९ साली पद्मश्री मिळाली. लोक त्यांच्या एक-दोन रुपये फीचे कौतुक करतात. आम्हांस त्यांनी धरलेला क्रम अधिक महत्त्वाचा वाटतो : काम आधी ठरले, वरची पदवी मागून आली. आमच्याकडे पदवी आधी ठरते, आणि काम पुढे पाहू असे म्हणतात. आयुर्वेदावर निष्ठा असेल तर आयुर्वेद अवश्य शिकावा. परंतु नावामागे ‘डॉक्टर’ लागावे एवढ्याचसाठी दोन एकर विकणे आम्हांस पटत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांस नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले, व त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्या स्त्रियांच्या नावापुढे कसलीही पदवी नव्हती.

रोग होण्यापूर्वीच रोग्याची गाठ घेणारेही असतात. २० डिसेंबर १९५६ रोजी उपचारासाठी अमरावतीस नेत असता आमच्या वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, गाडगेबाबांनी देह ठेवला. गावेच्या गावे झाडणाऱ्या त्या पुरुषाच्या खराट्याने किती पटकी-हगवण वेशीवरूनच परत फिरविली असेल, याची नोंद कोणत्याही रुग्णालयात नाही. सार्वजनिक आरोग्य हा आज रीतसर शिकण्याचा विषय आहे. आमच्याकडे आलेल्या एकाही मुलाने त्याचे नाव काढले नाही.

असो. तिसऱ्यांदा परीक्षेस बसण्यापूर्वी, किंवा सातबाऱ्यावरचे नाव बदलण्यापूर्वी, विद्यार्थ्याने निदान दोन दिवस इर्विनच्या वा डफरीनच्या आवारात बसावे. सलाईन कोण लावतो, रडणाऱ्या नातलगाशी कोण बोलतो, औषधाच्या खिडकीत कोण उभा असतो, हे पाहावे. दुसऱ्या दिवशी कोणाच्या जागी आपणास उभे राहावेसे वाटते, ते घरी येऊन वडिलांस सांगावे.

तो मुलगा असे दोन दिवस बसून आला. नर्सिंगच्या परीक्षेचा अर्ज भरण्याचे त्याने ठरविले आहे. वडिलांची समजूत पटली. आईस अद्यापि ठाऊक नाही. तो आठवीत असताना शाळेच्या पालकसभेत आम्हीच तिला सांगितले होते की, बाई, तुमचा मुलगा डॉक्टर होणार. गेल्या आठवड्यात तो येऊन म्हणाला, ‘‘सर, मायले तुमीच सांगा. डाक्टरचं बी तुमीच सांगतलं होतं.’’

येत्या रविवारी उपासना आटोपल्यावर आम्ही त्याच्या घरी जाणार आहोत.