आधी उडी, मग विचार!



आपल्या पाटसच्या आसपास उसाचे फड पुष्कळ. संध्याकाळी बांधावरून येताना पायाशी काहीतरी लांबलचक दिसतं. "साप!" तुम्ही टुणकन् मागे उडी मारता. छाती धडधडते. मग नीट पाहता, तर काय? बैलाचा तुटका कासरा!

आधी उडी आणि मग विचार, असं का बरं? आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो. त्याचं नाव अमिग्डाला. धोक्याची नुसती चाहूल लागली, की तो शरीराला सावध करतो. कपाळामागचा मेंदू मात्र सावकाश पारख करतो. खरा साप असता, तर ती घाईच कामी आली असती!

तोंडी परीक्षेत चांगली पाठ असलेली कविताही कधी आठवत नाही. तेव्हा हीच धोक्याची घंटा वाजत असते. अशा वेळी सावकाश श्वास सोडा, दहापर्यंत अंक मोजा.

आणि पालकहो, घाबरलेल्या मुलाला 'भित्रा' म्हणू नका. घंटा त्यानं मुद्दाम वाजवलेली नसते. घडीभर जवळ बसा. विचार मागून येतोच!