ऐरोलीचा रोहित आणि आमचा रोही



नवी मुंबईत ऐरोलीला, खाडीच्या काठी वनखात्याचे केंद्र आहे. तिकीट काढायचे, होडीत बसायचे आणि गुलाबी रोहित पक्षी पाहायचे. 2015 साली ठाणे खाडीचा हा पट्टा अभयारण्य झाला. आमची त्याला हरकत नाही. रोहित चिखलातले शेवाळ खातो, कोणाचे शेत खात नाही. आमच्याकडचा रोही मात्र ज्वारीची कणसे आणि कपाशीची बोंडे खातो. उरलेले रानडुकरे आडवे करतात. वन्यप्राणी सगळ्या देशाचे, त्यांच्या चाऱ्याचे बिल तेवढे कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावावर!

मग राखण कशाने करायची? परदेशातले शौकीन लांबून शिकार करण्यासाठी रायफलीचा एकेक भाग निवडून जुळवून घेतात. जड नळी, मापाचा दस्ता, हलका चाप, वर दुर्बीण. ते सामान आम्हाला नको. शौकाची शिकार 1991 च्या कायदादुरुस्तीने बंदच झाली. शिवाय रायफलीची गोळी चुकली तर कोसभर जाते, आणि पलीकडच्या धुऱ्यावर आपलाच माणूस जागलीला असतो.

आम्हाला साधी पण भरवशाची बंदूक हवी. 1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 13 पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक देते. नळीच्या तोंडातून दारू ओता, गजाने ठासा, छर्रे भरा. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून. पावसाळी रात्री दारू सर्दावली की तोही बार होत नाही. तोवर कळप शेत पार करून जातो.

पण त्याच कलमात पुढे लिहिले आहे. ठासणीची बंदूक पुरत नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर निदान 20 इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. म्हणजे काडतुसाची बारा बोर. तिचे छर्रे तीस-चाळीस पावलांवर काम करतात आणि रायफलीच्या गोळीइतके दूर जात नाहीत. कलम 14 सांगते की, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. दोन एकरवाल्यांनी हे पाठच करावे.

बंदूक मिळाली म्हणजे झाले असे नाही. उभ्या पिकाची नासाडी करणारे जनावर मारायलाही 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 प्रमाणे लेखी हुकूम लागतो. हुकूम येईपर्यंत हंगाम सरतो. मग कोणी वैतागून कुंपणात वीज सोडतो आणि डुकराऐवजी शेजारी मरतो. हा मार्ग आपला नाही.

म्हणून बैठकीत ठराव करू. बारा बोरचे अर्ज गावाने एकत्र, कलमाचा आधार देऊन, जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावेत. मारण्याचा हुकूम पेरणीआधी मिळावा. हुकूम मिळाला नाही, तर नासाडीची भरपाई बाजारभावाने मिळावी.

ऐरोलीच्या होडीतून रोहित खुशाल पाहा. आमच्या घरची ज्वारी मात्र आमच्या घरी येऊ द्या.