लॅपटॉप गाडीशी बोलत नाही, म्हणून गिऱ्हाईक परत पाठवू नका

ठाणे, मुंब्रा-कौसा, भिवंडी, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले कारागीर मोठ्या संख्येने आहेत. फिटर, वायरमन, डेंटर, पेंटर अशा हुन्नरांवर अनेक घरांची चूल पेटते. परंतु अलीकडे या गॅरेजांतून एक वाक्य वारंवार कानी पडू लागले आहे : "शेठ, गाडी लॅपटॉपला लागत नाही. कंपनीत घेऊन जा." या वाक्याबद्दल आम्हाला चार शब्द बोलायचे आहेत. कंपनीकडे पाठवलेले गिऱ्हाईक सहसा परत येत नाही आणि त्याच्याबरोबर तेल बदलण्यापासून ब्रेकपर्यंतचे सगळे कामही जाते.

आम्ही कपड्याचे व्यापारी. इंजिनाच्या गोष्टीत आम्ही का पडावे, असे कोणी विचारील. आमचा माल भिवंडीहून कल्याण-उल्हासनगरला टेम्पोने जातो. टेम्पो बंद पडला की ऑर्डर अडकते, म्हणून गॅरेजवाल्याची अडचण ती आमचीही अडचण आहे.

आपले जुने उस्ताद प्रीमियर पद्मिनीवर हात बसवून तयार झाले. १९९० च्या दशकात प्रीमियरच्या कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात प्युजो ३०९ गाडीही बनत होती. त्या काळी कार्बोरेटर आणि पॉइंट ज्याला कळला, त्याला गाडी कळली. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि इंजिनावर कॉम्प्युटर बसला. गॅरेजात त्याला ईसीएम म्हणतात. आपल्या देशात चारचाकी गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झाले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि दुचाकीदेखील या नियमात आल्या. म्हणजे ज्या गॅरेजात गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलण्याचे साधन नाही, त्या गॅरेजासमोरून जाणाऱ्या गाड्यांपैकी त्याच्या कामाच्या गाड्या दरवर्षी कमी होणार.

बिघाड बहुधा साधा असतो

लॅपटॉप लागला नाही की "ईसीएम गेला" असा निकाल देण्याची घाई होते. हा निकाल महाग असतो आणि पुष्कळदा खोटाही असतो. साधा विचार करा. चावी फिरवल्यावर चेक लाइट लागते आणि इंजिन सुरू होते, तर कॉम्प्युटर जिवंत आहे. बिघाड असलाच तर त्याच्यापासून लॅपटॉपपर्यंतच्या वाटेत आहे. आणि चावी ऑन करूनही चेक लाइट लागलीच नाही, तर आधी ईसीएमचा फ्यूज, रिले आणि अर्थ पाहावा. पावसाळ्यानंतर अर्थच्या बोल्टखाली गंज धरतो, हे वायरमनला आम्ही सांगायला नको.

आमच्या एका टेम्पोचे उदाहरण बोलके आहे. चेक लाइट लागली, गाडी ओढेना. एका मोठ्या वर्कशॉपने मशीन लावून पाहिले, संपर्क झाला नाही, तेव्हा ईसीएम बदलण्याचा पाच आकडी खर्च सांगितला. आम्ही गाडी कौशाच्या एका वायरमनकडे नेली. त्याने लॅपटॉप उघडलाच नाही. आधी टेस्टर घेऊन सॉकेटची सोळा नंबरची पिन पाहिली, तिथे करंट नव्हता. त्या गाडीत सॉकेट आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच होता. ड्रायव्हरने लायटरमध्ये मोबाइलचा खराब चार्जर लावला होता, त्यात फ्यूज उडाला होता. फ्यूज बदलताच लॅपटॉप लागला, कोड मिळाला, एक सेन्सर बदलून गाडी रस्त्यावर आली.

या कामाला क्रम हवा. तोच लॅपटॉप आणि तीच केबल दुसऱ्या चांगल्या गाडीला लावून पाहावी. तिथे चालली तर दोष गाडीत, नाही चालली तर दोष आपल्या सामानात. दोष गाडीत असेल तर चावी ऑन आहे ना आणि बॅटरी उतरलेली नाही ना, हे पाहावे. मग सोळा पिनांच्या सॉकेटकडे वळावे. सोळा नंबरवर बॅटरीचा करंट, चार आणि पाच नंबरवर अर्थ मिळायला हवा. नव्या गाड्यांत सहा आणि चौदा नंबरच्या दोन तारांवरून बोलणे चालते. बॅटरी काढून या दोन पिनांमध्ये मीटर लावला तर सुमारे ६० ओहम दिसावेत. १२० दिसले तर वाटेत तार तुटली आहे किंवा एका टोकाचा संपर्क सुटला आहे. शून्याजवळ दिसले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. अनेक जुन्या गाड्या सात नंबरच्या एका तारेवर बोलतात. २०१० पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांत सॉकेट तसाच दिसतो, पण भाषा कंपनीची स्वतःची असते. तिथे साधा स्कॅनर मुका राहिला तर त्यात गाडीचाही दोष नाही आणि स्कॅनरचाही नाही.

स्वस्त केबलचा मोह

दोष सामानात निघाला तर तो बहुधा केबलमध्ये किंवा लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. बाजारात ईएलएम ३२७ नावाचे स्वस्त जोडयंत्र ढिगाने मिळते. मूळ चिप कॅनडाच्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची होती. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. "१.५" असा आकडा छापलेला माल सर्रास विकला जातो, पण मूळ कंपनीने १.५ कधी काढलेच नव्हते. अशा नकलेला काही गाड्यांची भाषा येते, काहींची येत नाही. यूएसबी केबलच्या आतली चिपही नकली असू शकते. एफटीडीआय कंपनीच्या २०१४ मधील एका सॉफ्टवेअरने नकली चिपा निकामी केल्या होत्या. म्हणून लॅपटॉपमध्ये केबलचा पोर्ट दिसतो का, तिचा ड्रायव्हर बसला आहे का आणि प्रोग्राममध्ये तोच पोर्ट निवडला आहे का, हे पाहिल्याशिवाय गाडीला दोष देऊ नये.

आणखी एक इशारा. मोठ्या ट्रकांना २४ व्होल्टची लाइन असते. १२ व्होल्टचे यंत्र तिथे लावले तर ते जळू शकते. आणि ईसीएममध्ये नवा प्रोग्राम भरायचा असेल तर ब्लूटूथ आणि कमजोर बॅटरी यांच्या भरवशावर बसू नये. मध्येच संपर्क तुटला तर चांगला ईसीएम खरोखरच बाद होऊ शकतो.

हक्काचीही बाब आहे

सगळा दोष आपल्याच कारागिराचा आहे, असे आम्ही म्हणत नाही. इंजिनाचे कोड साध्या स्कॅनरने वाचता येतात, परंतु एअरबॅग, एबीएस आणि चावीच्या कामाला पुष्कळदा कंपनीचेच सॉफ्टवेअर लागते, आणि ते बाहेरच्या गॅरेजला सहज मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणावरून : सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुली न करणे. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केले. आपले गॅरेजवाले एकेकटे राहिले तर याचा उपयोग त्यांना होणार नाही. एका रस्त्यावरच्या आठ-दहा गॅरेजांनी वर्गणी काढून एक अस्सल स्कॅनर घ्यावा, त्याचे सॉफ्टवेअर रीतसर भरावे, आणि माहिती नाकारली गेली तर मिळून लेखी तक्रार करावी.

उस्तादाच्या बोटांत जे ज्ञान आहे ते लॅपटॉपमध्ये नाही, आणि लॅपटॉपमध्ये जे आहे ते उस्तादाला वाचता येत नाही. घरातला शिकलेला मुलगा दुकानात बसायला लाजतो आणि उस्ताद त्याला विचारायला लाजतो. दोघांनी ही लाज सोडावी. ठाणे आणि अंबरनाथच्या सरकारी आयटीआयची वाट मुलांना दाखवावी, आणि तिथून आलेल्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी लॅपटॉपच्या आधी टेस्टर द्यावा.