विवेकाला कागद पुरत नाही

‘हुकूम होता, आम्ही तो पाळला,’ ही सबब आजही पुष्कळांना पुरेशी वाटते. वाचकहो, इतिहासाचा दाखला वेगळा आहे. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मनव्याप्त बेलारूसमध्ये आघाडीच्या पिछाडीस बंदोबस्त राखणाऱ्या ६९१ व्या रेजिमेंटच्या एका बटालियनमधील तीन कंपनीप्रमुखांना एकच आदेश मिळाला : हद्दीतील ज्यू बायकामुलांसह ठार करा. एकाने तो तत्काळ अमलात आणला. दुसरे, न्योल, कचरले. त्यांनी लेखी हुकूम मागितला. कागद हाती येताच क्रुचा गावच्या ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. तिसरे, योझेफ झिबिले, यांनी साफ नकार दिला. त्यांना ना फाशी झाली, ना तुरुंगवास. मग सक्ती होती कुठे?

त्या सैनिकांच्या पट्ट्यांच्या बक्कलांवर ‘देव आमच्यासंगे’ अशी अक्षरे होती. देवाचे नाव सर्वांच्या कमरेला होते. त्याची पाचवी आज्ञा तिघांपैकी एकानेच पाळली. युद्धानंतर डार्मस्टाटच्या न्यायालयाने न्योल यांना दोषी ठरवले. त्यांचा लेखी हुकूम त्यांना तेथेही तारू शकला नाही. मग अंतिम न्यायासनापुढे वरिष्ठांच्या सहीचा आधार आपण कोणत्या तोंडाने घेणार?