पूर्णवेळ की अर्धवेळ? मैदानावरच्या कॅमेऱ्याचा न सुटलेला हिशेब

तिसगाव (ता. पाथर्डी) : कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरील या बाजारपेठेच्या गावात चैत्र-वैशाखाचे दिवस आले, की छायाचित्रकारापुढे एकाच दिवसाची दोन कामे उभी राहतात. एक लग्नाचे, दुसरे पंचक्रोशीतील जत्रेत भरणाऱ्या कुस्त्यांच्या हगाम्याचे. लग्नाची आगाऊ रक्कम आधीच हातात पडलेली असते. हगाम्याच्या मानधनाचा विषय 'नंतर बघू' या दोन शब्दांवर थांबलेला असतो. अशा वेळी कॅमेरा कोणीकडे वळणार, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही.

क्रीडा छायाचित्रण हा पूर्णवेळ व्यवसाय असावा की अन्य उत्पन्नाच्या आधारावर करण्याचे अर्धवेळ काम, या जुन्या वादाचे मूळ या दोन आमंत्रणांत आहे. 'हौशी लोकांनी दर पाडले,' ही पूर्णवेळ व्यावसायिकांची तक्रार. 'आम्ही नसतो तर गावच्या मैदानाचा एकही फोटो निघाला नसता,' हे अर्धवेळ छायाचित्रकारांचे उत्तर. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र या भांडणात मैदानावरच्या छायाचित्राची जबाबदारी कोणाची, हा मूळ प्रश्न बाजूला पडतो.

छायाचित्र नव्हे, पुरावा

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे याच जिल्ह्याने २०२५ मध्ये पाहिले. अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत २ फेब्रुवारी रोजी पृथ्वीराज मोहोळ यांनी मानाची गदा पटकावली. पण राज्यभर चर्चा झाली ती गादी विभागातील मोहोळ आणि शिवराज राक्षे यांच्या लढतीची. पाठ पूर्ण टेकली की नाही, या एका क्षणावरून वाद पेटला आणि पुढे निलंबनाची कारवाईही झाली. त्यानंतर घरोघरी मोबाइलवर त्याच क्षणाची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली गेली. वाद पंचांच्या निर्णयाचा होता. पण लोक निवाडा शोधत होते कॅमेऱ्यात.

बैलगाडा शर्यतीत तर कॅमेरा हा नियमाचाच भाग झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने या शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याच्या कायद्यातील दुरुस्ती वैध ठरवली. नियमांनुसार चाबूक, काठी किंवा विजेचा धक्का देणारे साधन वापरण्यास मनाई आहे, प्रशासनाची पूर्वपरवानगी आवश्यक आहे आणि शर्यतीचे चित्रीकरण करून ते सादर करण्याची जबाबदारी आयोजकांवर आहे.

येथेच गोम आहे. चित्रीकरण करणारा माणूस आयोजकच ठरवतो आणि त्याचे पैसेही आयोजकच देतो. बैलाच्या पाठीवर काठी पडली, तर त्या क्षणी कॅमेरा तिकडे रोखायचा की प्रेक्षकांच्या गर्दीकडे वळवायचा? पुढच्या आठवड्यात त्याच गावातील लग्नाचे काम मिळवायचे असलेल्या स्टुडिओचालकाकडून येथे निःस्पृहतेची अपेक्षा करणे सोपे आहे. ती पाळणे त्याच्यासाठी सोपे नाही.

तीन प्रकारचे छायाचित्रकार

'अर्धवेळ' या एका शब्दात दोन वेगळी माणसे कोंबली जातात. पहिला नोकरदार किंवा शेतकरी : सुटीच्या दिवशी आवडीने कॅमेरा घेऊन मैदानावर जाणारा. दुसरा स्टुडिओचालक : छायाचित्रणावरच पोट असलेला, पण लग्न, बारसे आणि पासपोर्ट फोटो यांवर घर चालवून खेळाचे काम जोडीला करणारा. तिसरा, केवळ खेळाचीच छायाचित्रे काढून जगणारा, तो मोठ्या शहरांतही विरळा.

या तिघांचा खर्च एक, पण हिशेब वेगळा. समजा, दोन कॅमेरे आणि लांब पल्ल्याची भिंगे मिळून चार लाख रुपये गुंतले आणि ही सामग्री पाच वर्षे चालली. म्हणजे वर्षाला ८० हजारांची झीज. वर्षाकाठी ४० मैदाने मिळाली, तर एका मैदानामागे दोन हजार रुपये केवळ सामग्रीचे झाले. त्यात प्रवास, दुरुस्ती, संगणक आणि रात्र जागून केलेली निवड धरलेली नाही. व्यावसायिक दर्जाच्या एकेका मोठ्या भिंगाची किंमत दहा लाखांच्या पुढे जाते, तेव्हा हा आकडा कुठल्या कुठे पोहोचतो.

स्टुडिओचालकाची हीच झीज लग्नसराईत भरून निघालेली असते आणि नोकरदाराची पगारातून. त्यामुळे दोघेही 'पेट्रोलचे पैसे द्या' म्हणून मैदानावर उभे राहू शकतात. पूर्णवेळ छायाचित्रकाराला ते परवडत नाही. दर पाडण्याची तक्रार खरी आहे ती इतकीच. त्यात दुष्टावा नाही. एकाच्या व्यवसायाचा खर्च दुसऱ्या उत्पन्नातून भागवला जातो, एवढाच त्याचा अर्थ. मात्र आयोजकाला त्यातून एक सवय लागते. मंडप, ध्वनिक्षेपक, हलगी, बक्षिसे यांसाठी वर्गणीतून तरतूद होते. छायाचित्रकाराचा रकाना कोराच राहतो.

हंगामही पूर्णवेळ व्यवसायाच्या विरोधात आहे. जत्रा, हगामे आणि शर्यती यांचा बहर लग्नाच्या तिथींच्या काळातच येतो आणि पावसाळ्यात दोन्ही थंडावतात. त्यात २०१४ ते २०२१ या साडेसात वर्षांसारखा खंड पडला, तर केवळ शर्यतींवर विसंबलेल्या माणसाने काय करावे? अर्धवेळ काम हा अशा ठिकाणी आळस नसून शहाणपणाचा विमा ठरतो.

घोड्यासमोरचा कॅमेरा

अश्व छायाचित्रणात हा फरक अधिक ठळक दिसतो. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ पासून उभे आहे. मुंबईत साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्यात जुलै ते ऑक्टोबर असा शर्यतींचा ठरलेला हंगाम आहे. संस्था कायम, वेळापत्रक निश्चित आणि विजयी घोड्याचे छायाचित्र हवे असलेला मालक समोर हजर. नियमित व्यवसायाला लागणाऱ्या या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र येतात.

ग्रामीण महाराष्ट्रातील घोडा मात्र यात्रेबरोबर येतो आणि यात्रेबरोबर जातो. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा, नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथील घोडेबाजार काही दिवसांचे. जुन्नर, आंबेगाव, खेड भागातील घाटांत बैलांच्या पुढे घोडी धावते. पण एक बारी काही सेकंदांत संपते. तिसगावजवळच्या मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. शहरातील छायाचित्रकार त्या दिवशी येतात आणि संध्याकाळी परततात. बाजार पहाटे कुठे सुरू होतो, कोणत्या टेकाडावरून ऊन चांगले मिळते आणि कोणाला विचारल्याशिवाय फोटो काढू नये, हे स्थानिकालाच ठाऊक असते.

पण ओळख असली म्हणजे कौशल्य आले असे नाही. विक्रीसाठी घोड्याचे छायाचित्र काढायचे, तर तो सपाट जमिनीवर, चारही पाय स्वतंत्र दिसतील असा उभा हवा. कान टवकारलेले आणि कॅमेरा घोड्याच्या छातीच्या उंचीवर. मोबाइल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत डोके मोठे आणि मागचा भाग लहान दिसतो. अशा चित्रावरून दूरचा ग्राहक सौदा करणार असेल, तर फसगत कोणाची तरी होणारच.

जगाचा अनुभव

शहरांत पूर्णवेळ नोकरीचा आधारही डळमळीत झाला आहे. 'शिकागो सन-टाइम्स'ने ३० मे २०१३ रोजी आपल्या छायाचित्र विभागातील सर्व २८ जणांना कमी केले. त्यांत पुलित्झर विजेते जॉन व्हाइट होते. क्रीडा छायाचित्रणाचे विद्यापीठ मानल्या गेलेल्या 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने जानेवारी २०१५ मध्ये उरलेल्या सहा छायाचित्रकारांची पदे रद्द केली.

दुसरे उदाहरण याच्या उलट दिशेचे. पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंग स्पर्धा ताहिती बेटावर झाली. २९ जुलै २०२४ रोजी ब्राझीलचा गॅब्रिएल मेदिना लाटेवरून हवेत उसळला आणि तो क्षण जगभर गाजला. 'एएफपी'साठी तो टिपणारे जेरोम ब्रूये हे ताहितीतच राहणारे छायाचित्रकार होते. लाटेची सवय त्यांना आधीपासून होती. संस्थेने त्या ओळखीला साधने आणि व्यासपीठ दिले. गावचा माणूस आणि व्यावसायिक शिस्त यांची अशी सांगड घालता येते.

नाव कोणाचे, हक्क कोणाचा?

प्रताधिकार कायद्यात या वादाला एक वेगळीच कलाटणी मिळते. १९५७ च्या या कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे स्वखुशीने, विनामोबदला मैदानावर गेलेल्या हौशी छायाचित्रकाराकडे हक्क राहतो. तोंडी बोलीवर पैसे घेणारा व्यावसायिक मात्र तो गमावून बसतो. कर्ता म्हणून नाव सांगण्याचा हक्क कलम ५७ ने राखला आहे. पण रीलवर फिरणाऱ्या फोटोंखाली नाव किती वेळा दिसते?

घोड्याच्या छायाचित्रांचा इतिहासच या वादाने सुरू होतो. लेलंड स्टॅनफर्ड या धनाढ्य अश्वमालकासाठी एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅमेऱ्यांची रांग लावून धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे सिद्ध केले. १८८२ मध्ये त्या कामावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा मुखपृष्ठावर मायब्रिज यांचे नाव नव्हते. ते न्यायालयात गेले आणि हरले. सुमारे दीडशे वर्षांनंतर हगाम्यातील छायाचित्रकाराची अवस्था फारशी निराळी नाही.

वाट कोणती?

अर्धवेळ छायाचित्रकाराला मैदानाबाहेर काढून प्रश्न सुटणार नाही. तसे केले तर तिसगावसारख्या शेकडो गावांतील खेळाची नोंदच उरणार नाही. फुकट कामाची सवय कायम ठेवली, तर विश्वासार्ह नोंद उरणार नाही.

उपाय खर्चिक नाहीत. काम घेताना एका कागदावर चार ओळी लिहाव्यात : मोबदला किती, वापर कशासाठी, नाव कुठे आणि मूळ प्रत कोणाकडे. यात्रा समित्यांनी खर्चपत्रकात छायाचित्रणाचा रकाना उघडावा. नियमाने सक्तीचे असलेले शर्यतीचे चित्रीकरण आयोजकाच्या मर्जीवर न सोडता, प्रशासनाने तालुकानिहाय यादी करून त्यातून माणूस नेमावा. शुल्क आयोजकाने भरावे, पण ते प्रशासनामार्फत द्यावे. यादीत पूर्णवेळ असोत वा अर्धवेळ, अट एकच असावी : पहिल्या बारीपासून शेवटच्या बारीपर्यंतचे अखंड चित्रण आणि मूळ प्रतीचे जतन.

मल्लाची पाठ टेकली का, बैलावर काठी उगारली गेली का, याचे उत्तर ज्याच्या कॅमेऱ्यात आहे, तो उरलेले सहा दिवस काय करतो याला महत्त्व नाही. त्या एका दिवसापुरता तो कोणाचा मिंधा नसावा, याला आहे.