धातूचे नाव पुरेसे नाही

कावेरीकाठचे तिरुवैयारु हे गाव त्यागराजांच्या समाधीमुळे संगीतप्रेमींस परिचित आहे. त्यागराज (1767–1847) तेथे राहत होते, तेव्हा तंजावरास मराठ्यांची गादी होती. याच नदीच्या खोऱ्यात, पूर्वेस कुंभकोणमजवळ असलेल्या स्वामिमलै येथे, मेणाच्या प्रतिमेवर नदीच्या गाळाची बारीक माती लेपून मूर्ती ओतण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. साचा पुरेसा तापला नाही, अथवा रस ओतताना खंड पडला, तर उत्तम धातू घेऊनही मूर्ती सदोष निघते, हे तेथील स्थपती जाणतात. धातूचा गुण त्याच्या घटकांवर जितका, तितकाच त्याच्यावर झालेल्या संस्कारांवर अवलंबून असतो. हाच धडा आज शस्त्रवैद्यकास गिरवावा लागत आहे.

मोडलेले हाड धरून ठेवण्यास पोलादाचे अथवा टायटॅनियमचे स्क्रू वापरतात. हाड सांधल्यावर ते काढण्यासाठी पुष्कळदा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. मॅग्नेशियमचा स्क्रू मात्र शरीरातच हळूहळू झिजून नाहीसा होतो. ही कल्पना जुनीच आहे. 1907 साली बेल्जियमचे शल्यविशारद लाम्बोत यांनी पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसविली. ती आठ दिवसांतच नष्ट झाली व त्वचेखाली वायू साचला. पाण्याशी संयोग होऊन 1 ग्रॅम मॅग्नेशियमपासून सुमारे 1 लिटर हायड्रोजन निघतो. तेव्हा प्रश्न वेगाचा आहे. हाड सांधण्यापूर्वीच आधार नाहीसा झाला, तर रोग्याचे दुःख दुप्पट होते.

हा वेग ठरतो कशाने? ओतीव मिश्रधातूत स्फटिककण मोठे असतात व त्यांच्या सीमांवर निराळ्या घटनेचे संयुगकण साचतात. शरीरातील खारट द्रवात असे कण आणि सभोवतीचे मॅग्नेशियम मिळून सूक्ष्म विद्युत्‌घट बनतात, आणि मॅग्नेशियम खड्डे पडून झिजते. तोच धातू योग्य उष्णता देऊन निवविला, तर यांतील बरेच कण विरघळून एकजीव होतात. तापवून साच्याच्या छिद्रातून दाबून काढला, तर स्फटिककण बारीक होतात व झीज बहुधा सारखी होते. परंतु संस्कार नेहमी हितकारकच असतो असे नाही. अतिरिक्त घडाईने धातूत ताण उरतो आणि झीज वाढू शकते. लोखंडाचेच उदाहरण घ्यावे. ओतीव शुद्ध मॅग्नेशियममध्ये दहा लाख भागांत सुमारे 170 भागांपलीकडे लोखंड गेले की क्षरण एकदम वाढते, असे 1942 साली हॅनावॉल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. पुढे असे आढळले की, दीर्घ उष्णोपचाराने लोखंड वेगळे होऊन ही मर्यादा पुष्कळच खाली येते. घटक तेच, पण वर्तन मात्र भिन्न.

कोणी म्हणतील, तयार स्क्रू खाऱ्या पाण्यात ठेवून पारखला म्हणजे झाले. हे म्हणणे अपुरे आहे. परीक्षानळीतील द्रव म्हणजे वाहते रक्त नव्हे. शिवाय पारखलेला नमुना एका रीतीने घडविलेला आणि रोग्याच्या हाडात बसविलेला दुसऱ्या रीतीने घडविलेला असेल, तर ती पारख व्यर्थ होय. 2013 साली युरोपात मॅग्नेशियमच्या स्क्रूला मान्यता मिळाली आहे. यापुढे असे स्क्रू अधिकाधिक रोग्यांपर्यंत पोहोचतील, म्हणूनच ही दक्षता आवश्यक आहे.

तंजावरच्या सरफोजीराजे दुसरे (1777–1832) यांच्या काळातील नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. रोग्याची अशी नोंद ठेवतात, तशीच त्याच्या हाडात बसणाऱ्या धातूचीही ठेवली पाहिजे. तो कसा ओतला, किती तापविला, कसा दाबला व कसा निवविला, हे प्रत्येक संशोधनपत्रात आणि प्रत्येक स्क्रूच्या पाकिटासोबत लिहिलेले असणे हा रोग्याचा हक्क मानला पाहिजे.